ओठाची चौकशी

सुभेदार हिंदुरावांचा ओठ फुटला आणि सगळा कॅम्प धावायला लागला.

एरवी त्या कॅम्पात काही म्हणून धावत नसे. हिप्परग्याच्या तलावाकाठी मुलींच्या एन.सी.सी.चे तंबू लागल्यापासून विजयमाला गरड भेटेल त्या साहेबाला सांगत होती, की न्हाणीला मागच्या बाजूने कनात हवी. कनात शहरातून निघालेली आहे, असं तिला रोज नव्याने कळे. संडासाच्या वाटेवर कंदील हवा होता, तोही निघालेला होता. मुलींना शिकवायला बाई इन्स्ट्रक्टरची जागा मंजूर होती, पण ती कधीची रिकामी आणि भरायचा कागद पुण्याला गेलेला. कॉलेजात भूगोल शिकवणारी, ग्वाल्हेरला एन.सी.सी. ऑफिसरचं रीतसर ट्रेनिंग घेऊन आलेली ही बाई हिवाळी कॅम्पात मुख्यतः मेसच्या डाळीत पाणी किती यावरच भांडत असे.

त्या सकाळीही ती मेसमध्येच होती. तेवढ्यात रेंजकडून आरडाओरडा ऐकू आला. ती पोचेपर्यंत औषधाची पेटी पोचलेली, जीप पोचलेली, आणि सुभेदार तोंडाला रुमाल लावून जीपमध्ये बसलेले. त्यांना शहरात नेऊन ओठाला टाके घालून आणलं सुद्धा. जेवणाच्या आधी रिपोर्ट टाइप होऊन कर्नलसाहेबांच्या टेबलावर होता: कॅडेट ईरम्मा बिराजदार हिने सरावाच्या वेळी शिक्षकास रायफलीच्या दस्त्याने मारले, सबब तिला कॅम्पातून घरी पाठवावे. घरी तारही गेली होती.

कनातीला आणि कंदिलाला जे जमलं नाही, ते एका ओठाने अर्ध्या दिवसात करून दाखवलं, हे बघून विजयमालेच्या कपाळाची शीर उडायला लागली.

ईरम्मा तंबूत घडी घातलेल्या चादरीवर बसली होती. अक्कलकोटच्याही पलीकडच्या खेड्यातली पोर. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि रेंजवर सगळ्यांत नेमकी गोळी तिची. बोलायला मुळातच कमी. आता तर ओठ शिवल्यासारखी बसलेली.

"ईरम्मा, काय झालं?"

"काय न्हाय मॅडम."

"काही नाही म्हणून कुणी रायफलीनं मारतं का गं?"

 ईरम्माची एक मूठ गच्च मिटलेली होती. तंबूच्या दारात जाहिदा उभी होती. मुलींमधली सगळ्यांत सीनियर. वडील पीरसाब मालट्रक चालवायचे आणि मुलगी सगळ्या कंपनीला चालवायची.

"मॅडम, उसकू मत पूछो. मेरेकू पूछो," ती म्हणाली आणि आत येऊन तिने ईरम्माची मूठ हळूच उघडली. तळहातात एक उघडी सेफ्टी पिन होती. तळहाताला टोचून थोडं रक्त आलं होतं.

"हे काय?"

"पिन आहे मॅडम. रेंजवर जाताना सगळ्यांकडे असते. मीच वाटते. मंगळवार पेठेतून डझनावारी आणते."

विजयमालेने दरवर्षी या मुलींचं सामान तपासलं होतं. पट्टे, बूट, मोजे, चादर, ताट, वाटी. पिन तिच्या डोळ्यांसमोरून गेली असणारच. पिन काय, मुलींकडे असतेच.

"पडून पोजिशन शिकवतात ना," जाहिदा सांगायला लागली, "तेव्हा सुभेदारसाब बाजूला आडवे होतात. पाठीवरून हात घेतात. मग खांदा बरोबर करायचा, कोपर बरोबर करायचं, श्वास बरोबर करायचा. सगळं बरोबर करतात मॅडम, बंदूक सोडून. मुलगी नवी असली तर फार वेळ बरोबर करतात."

"आणि पिन?"

"टोचायची. टोचली की उठतात. 'मच्छर बहुत हैं' म्हणून हसतात आणि पुढच्या चटईवर जातात. हिनं टोचली. उठले नाहीत. हात आणखी खाली गेला. मग हिनं दस्ता हाणला."

ईरम्मा जमिनीकडे बघत म्हणाली, "दोनदा टोचलं मी."

विजयमालेचे कान तापले. "हे कधीपासून चाललंय?"

"मी फर्स्ट इयरला आले तेव्हा माझ्या सीनियरनं मला पिन दिली होती."

"अगं मग मला सांगितलं का नाही?"

जाहिदाने तिच्याकडे सरळ बघितलं. त्या बघण्यात उद्धटपणा नव्हता, नुसता कंटाळा होता. "सांगून काय झालं असतं मॅडम? कनातीचं सांगितलं होतं की."

 विजयमाला उठली, टोपी डोक्यावर चढवली आणि कर्नलसाहेबांच्या तंबूकडे निघाली.

कर्नलसाहेब वाईट माणूस नव्हते, हीच अडचण होती. निवृत्तीला आलेले, मुलींना बेटा म्हणणारे, सकाळी तलावावरची बदकं बघायला दुर्बीण घेऊन जाणारे. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, मान हलवत सगळं ऐकलं. मग चष्मा काढला.

"गरड मॅडम, हिंदुरावांना एकाहत्तरच्या लढाईत मेडल मिळालंय."

"मेडलबद्दल माझी काहीच तक्रार नाही साहेब."

"पोजिशन शिकवताना हात लागतोच. मुली लहान आहेत, गैरसमज होतो."

"मुलांना शिकवताना सुभेदार शेजारी आडवे होतात का?"

कर्नलसाहेबांनी थोडा विचार केला. "त्याचा इथे संबंध नाही."

"साहेब, त्याचाच तर संबंध आहे!"

"शांत व्हा. मी हात झटकतोय असं समजू नका. आपण पुढची खबरदारी घेऊ." त्यांनी कॅम्पाचं कागदपत्र सांभाळणाऱ्या कॅप्टनला हाक मारली. कॅप्टन वही घेऊन आला आणि कर्नलसाहेब सांगायला लागले. मुलींनी रेंजवर उन्हातसुद्धा लोकरी जर्सी घालावी. मुलींनी स्टाफशी कामाशिवाय बोलू नये. मुलींनी विनाकारण हसू नये. पाण्याच्या टाकीवर मुलींनी एकटं जाऊ नये. पहिल्या वर्षाच्या मुलींचा गोळीबार यंदा रद्द.

विजयमाला ऐकत होती. चहा थंड होत होता.

"साहेब, या हुकुमात सगळीकडे मुलीच आहेत. ते कुठं आहेत?"

"कोण?"

"सुभेदार."

"त्यांना टाके पडलेत मॅडम," कर्नलसाहेब जरा दुखावून म्हणाले. "ते विश्रांती घेतायत."

तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. ईरम्माला घरी पाठवायचा कागद तरी थांबवा, म्हणाली. कर्नलसाहेब म्हणाले, मुलगी शेवटी कॉलेजची आहे, प्रिन्सिपॉलसाहेबांनी काही लेखी कळवलं तर बघता येईल. दारातून बाहेर पडताना त्यांनी मागून सांगितलं, "आणि हे तंबूतल्या तंबूत ठेवा. मुलींच्या भल्यासाठीच म्हणतो."

दुपारी भाजी आणायला ट्रक शहरात जात होता. विजयमाला रिकाम्या पोत्यांवर बसून, वर्दीला धूळ लावून कॉलेजात उतरली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तिला त्या अवतारात बघून आत घेतलं आणि दार लोटलं. ऐकून झाल्यावर त्यांनी टेबलावरचा पेपरवेट एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवला.

"कॅम्पात घडलं ना? कॅम्प मिलिटरीचा. त्यात आपलं कॉलेज येतं कुठं?"

"सर, मुलगी आपली आहे."

"मुलगी आपली, पण घटना त्यांची."

"ते म्हणतात मुलगी तुमची आहे म्हणून तुम्ही कळवा. तुम्ही म्हणता घटना त्यांची. मी काय करू? अर्धी अर्धी वाटून देऊ?"

"गरडबाई, हळू. बाहेर कारकून बसलेत." प्रिन्सिपॉल पुढे झुकले. "अहो, पालकांच्या कानावर गेलं तर पुढच्या वर्षी एक मुलगी एन.सी.सी.ला यायची नाही."

"हे असं असेल तर येऊच नये सर."

"असं टोकाचं बोलू नका. तुम्ही समंजस आहात."

समंजस हा शब्द तिला आयुष्यात इतक्या वेळा चिकटवला गेला होता, की आता तो ऐकला तरी दात आंबायचे. "मग मी पोलिसांत जाते," ती म्हणाली.

"आणि तिथं त्या मुलीला काय काय विचारतील, माहीत आहे? तिचं लग्न व्हायचंय अजून."

खरं तर हे तिलाही माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच जास्त राग आला. प्रिन्सिपॉलांनी लेखी काही दिलं नाही. "माझा तुम्हाला पाठिंबा आहे, पण तोंडी," म्हणाले. ती परत ट्रकमध्ये चढली तेव्हा कोबीची पोती भरलेली होती आणि बसायला जागा नव्हती. हिप्परग्यापर्यंत ती उभ्यानेच आली.

कॅम्पाच्या फाटकाशी एक माणूस उकिडवा बसला होता. धोतर, मुंडासं, काखेत पिशवी. तो बसप्पा, ईरम्माचा बाप. तार मिळाल्या मिळाल्या निघालेला, आणि फाटकावरचा जवान त्याला आत सोडत नव्हता, कारण आत मुली राहतात.

"बाई, तार आली," तो उठत म्हणाला. "आमच्या शाळंच्या मास्तरनं वाचली. पोरीनं सायबाला मारलं म्हंते तार. कशापायी मारलं ते काय तारंत न्हाय."

विजयमालेने त्याला बाभळीखाली नेलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. दिवसभर हे सगळ्यांना शब्द निवडून निवडून सांगून तिची जीभ दुखायला आली होती. आता निवडायचं त्राण नव्हतं. बसप्पा तलावाकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"ओटच फुटला?"

"ओठच."

"बरं केलं. लई बरं केलं पोरीनं." त्याने मुंडासं काढून पुन्हा बांधलं. "आता तिचं सामान द्या बाई. सांजंची एसटी हाय."

विजयमालेचा बांध तिथे फुटला. "बसप्पा, तुम्हीसुद्धा? कर्नल म्हणतात पोरीला घरी पाठवा. प्रिन्सिपॉल म्हणतात गप्प घरी जाऊ दे. आता तुम्ही घरी न्यायला आलात. सगळे मिळून तिलाच घरी काढताय! त्या माणसाला घरी धाडावं असं एकाच्याही मनात येऊ नये का हो?"

"येतंय की. सकाळधरनं तेच येतंय," बसप्पा शांतपणे म्हणाला. "पर त्यो माझ्या हातात न्हाय बाई. पोरगी हाय."

 विजयमालेने जाहिदाला सांगून ईरम्माला बाहेर बोलावलं. बाप-लेक समोरासमोर उभे राहिले. बसप्पाने पिशवी दाखवून चल म्हटलं. ईरम्माने मान हलवली.

"अप्पा, ना बरंगिल्ला," ती म्हणाली. येणार नाही. मग विजयमालेला कळावं म्हणून मराठीत, "मी आत्ता गेले तर गावात समदे म्हंतील, हिनंच काय तरी केलं आसंल. मी न्हाय जायची."

पोर बापापुढे असं कधी बोलली नसावी.  बसप्पाने पिशवी बाभळीच्या बुंध्याशी ठेवली, तिथंच बसला आणि चंची सोडली.

"मग मी बी हितंच बसतो," म्हणाला.

आणि तो बसला. बाभळ फाटकाबाहेर, पण नेमकी कर्नलसाहेबांच्या तंबूसमोर होती. साहेब बदकं बघायला निघाले की बसप्पा उठून रामराम करी. परत आले की पुन्हा करी. बोलत काही नसे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साहेबांनी दुर्बीण काढायचं सोडून दिलं.

चौकशी होणारच होती. ईरम्मासाठी नव्हे, ओठासाठी. सुभेदाराला कामावर असताना इजा झाली की ती कशी झाली याचा कागद करावाच लागतो, असा नियम; आणि तो होईपर्यंत ईरम्मालाही घरी धाडता येत नव्हतं. विजयमालेने तो नियम कॅप्टनकडून मागून घेऊन वाचला आणि कर्नलसाहेबांना सांगितलं, की मुलीची ऑफिसर म्हणून मी चौकशीत बसणार. नको म्हणायला साहेबांना कारण सापडेना. ईरम्माला सगळ्यांसमोर उभं करून विचारायचं, असा कॅप्टनचा बेत होता. ती म्हणाली, "आधी सुभेदारांचं ऐकू. इजा त्यांना झालीय."

मोठ्या तंबूत टेबलामागे कर्नलसाहेब, एका बाजूला कॅप्टन, दुसऱ्या बाजूला ती. सुभेदार हिंदुराव कडक इस्त्रीत आले. उंच, भरदार, मिशा पिळलेल्या, खालच्या ओठावर काळे टाके. सॅल्यूट असा ठोकला की तंबूची दोरी हलावी.

"साहेब, मी उभा होतो," त्यांनी सांगितलं. "मुलगी आडवी. मी काठीनं कोपर दाखवलं, बुटानं टाच जमिनीला टेकवायला लावली. एवढंच. वीस वर्षं हेच शिकवतोय. पोरगी बावरली, दस्ता उडाला, मला लागला."

"झालं तर," कॅप्टन लिहिता लिहिता म्हणाला.

"साहेब, एक रायफल मागवा," विजयमाला म्हणाली. "रिकामी. आणि हवालदार जोतीरामला बोलवा. कसं शिकवतात ते आपण बघूया. मला शिकायचंय."

हवालदार जोतीराम आला. पोट सुटलेला, भिडस्त माणूस, मुलांना कवायत शिकवायचा. सतरंजीवर आडवा हो म्हटल्यावर तो गोंधळला, पण हुकूम तो हुकूम. पोटावर पडला, पाय फाकवले, दस्ता खांद्याला लावला. हिंदुरावांनी त्याच्या पायाशी उभं राहून काठीने कोपर दाखवलं, बुटाने टाच दाबली. अगदी पुस्तकातल्यासारखं.

"छान," विजयमाला म्हणाली. "मुलीलाही असंच शिकवलंत?"

"होय मॅडम. असंच."

"मग जोतीराम, तुम्ही बावरा. आणि दस्ता सुभेदारसाहेबांच्या ओठाला लावा."

जोतीरामने मान वर करून बघितलं. हिंदुरावांचा ओठ त्याच्या डोक्यापासून पुरुषभर उंचीवर होता. त्याने रायफल मागे ओढली. दस्ता सुभेदारांच्या गुडघ्यापाशी हवेत फिरला.

"पोचत न्हाय साहेब," तो म्हणाला.

"मी जरा वाकलो असेन," हिंदुराव म्हणाले.

"वाका ना मग."

ते वाकले. जोतीरामने दस्ता मागे घेतला. पोचेना.

"आणखी वाका."

"मॅडम, याची काही गरज..." कर्नलसाहेबांनी सुरुवात केली.

"साहेब, ओठाची चौकशी आहे. ओठ कुठं होता ते कळायला नको?"

हिंदुराव एका गुडघ्यावर बसले. दस्ता पोटाला लागला. दोन्ही गुडघ्यांवर बसले, छातीला लागला. मग हात टेकून ओणवे झाले. अजून वीतभर अंतर होतं.  सुभेदारांच्या मानेवर घाम दिसायला लागला होता.

"आणखी खाली," विजयमाला म्हणाली. आपला आवाज इतका थंड कसा निघतोय, याचं तिलाच नवल वाटलं. "अंग टेकवा. शेजारी. असं. आता हात त्यांच्या पाठीवरून घ्या, नाहीतर तोंड तिथवर जात नाही."

हिंदुराव जोतीरामच्या शेजारी आडवे झाले. हनुवटी त्याच्या खांद्यावर, मिशा त्याच्या कानाला. जोतीरामने दस्ता इंचभर हलवला आणि तो बरोबर टाक्यांपाशी टेकला.

"साहेब, बास की आता," जोतीराम रडवेला होऊन म्हणाला. "माझ्या अंगावर शिसारी आली."

कॅप्टन बाहेर तलावाकडे बघत होता. कर्नलसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"उठा हिंदुराव," ते शेवटी म्हणाले. "जा तुम्ही."

विजयमालेला वाटलं, संपलं. पण संपायचं नव्हतं. दोघे बाहेर गेल्यावर कर्नलसाहेब म्हणाले, "मला समजलं मॅडम."

"काय समजलं ते लिहा साहेब."

"लिहायचं कशाला? मी त्यांना उद्याच युनिटला परत पाठवतो. मुलीवरचा ठपका काढून टाकू. पहिल्या वर्षाचा रद्द केलेला गोळीबारही होऊ दे, रेंज तुम्ही सांभाळा. अजून काय हवं?"

"कारण काय लिहिणार?"

"इजा अपघाताने झाली. पुढील उपचारासाठी परत पाठवले."

"म्हणजे ओठासाठी पाठवले!"

"त्यांची पेन्शन आहे मॅडम. घरी दोन मुली आहेत."

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसू आलंच, आणि त्या हसण्याने कर्नलसाहेब दचकले. ती म्हणाली, खरं कारण लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही. साहेब म्हणाले, मग कागद इथेच पडून राहील आणि मुलीवरचा ठपकाही कागदातच राहील. हे मात्र त्यांनी खालच्या मानेने सांगितलं. दुपारभर घासाघीस चालली. शेवटी अपघात हा शब्द राहिला, आणि त्याच्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात एक वाक्य घातलं: हे शिक्षक मुलींना शिकवताना अंगाला हात लावतात, त्यांना मुलींच्या तुकडीवर नेमू नये. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी सुभेदार निघाले. मेसच्या लोकांनी त्यांना हार घातला, पेढे वाटले, फोटो काढला. मुली तंबूंच्या ओळीत उभ्या राहून बघत होत्या. जाहिदाने पेढा घेतला नाही; ईरम्माने घेतला आणि तलावाकाठच्या कुत्र्याला घातला.

बसप्पा त्याच दिवशी गेला. जाताना म्हणाला, "बाई, पोरीला ठिवतो. पर तुमी रेंजवर ऱ्हावा. मेसकडं जाऊ नगा."

तिने खरंच मेस सोडली. डाळ पातळ झाली ती झाली. उरलेले दिवस ती मुलींच्या पायाशी काठी घेऊन उभी राहिली, ग्वाल्हेरला शिकवलं होतं तशी. पहिल्या दिवशी एका नव्या मुलीचं कोपर दाखवायला ती वाकली, तर त्या पोरीचं सगळं अंग ताठ झालं. विजयमाला मागे सरली, काठी पुढे केली आणि म्हणाली, "मी हात लावणार नाही. काठी कुठं टेकते बघ आणि तूच कोपर हलव." कनात शेवटच्या दिवशी आली, तंबू सोडायच्या वेळी.

परीक्षेच्या दिवसांत कॉलेजात सुपरव्हिजन चालू असताना युनिटचा कारकून काही पावतीसाठी आला आणि बोलता बोलता म्हणाला, "आपले हिंदुरावसाहेब आता नांदेडला आहेत मॅडम. मुलींच्या तुकडीवर."

"मुलींच्या?"

"हां. अनुभव आहे ना त्यांना."

तिने हातातली उत्तरपत्रिकांची चळत खाली ठेवली आणि आपल्या कागदाचं काय झालं ते त्याला विचारलं. तिचं वाक्य पुण्याला गेलं होतं, तिथे कुणीतरी ते वाचलं होतं, कोपऱ्यात बघितलं म्हणून खूण केली होती, आणि फाईल बंद झाली होती. विजयमाला तडक ऑफिसात गेली. नांदेडच्या कॉलेजात वच्छला कोंडेकर होती, ग्वाल्हेरला तिच्या शेजारच्या खाटेवर झोपणारी. हेडक्लार्कच्या टेबलावरून तिने ट्रंककॉल लावायला सांगितला. दुपारभर ती त्या फोनशेजारी बसून राहिली. कारकून ये-जा करत होते, फीचे चलन फाडत होते. शाई वाळत होती, पंखा कुरकुरत होता.

घंटा वाजली तेव्हा लाइन इतकी खराब होती, की पलीकडची वच्छला विहिरीतून बोलतेय असं वाटलं.

"वच्छला, तुमच्याकडे सुभेदार हिंदुराव आलेत का?"

"काय? कोण राव?"

"हिंदुराव! सुभेदार!"

"हां हां! परवाच आले! भला माणूस आहे गं! काय झालं?"

"त्याला मुलींजवळ जाऊ देऊ नकोस!"

"ऐकू येत नाहीये! मोठ्यानं बोल!"

विजयमालेने एकदा आजूबाजूला बघितलं. हेडक्लार्क मान खाली घालून चलनावर शिक्का मारत होता. प्रिन्सिपॉलांचं दार अर्धवट उघडं होतं. ती उभी राहिली, फोन तोंडाशी धरला आणि जेवढा आवाज होता तेवढा काढला.

"तो शिकवताना मुलींच्या अंगाला हात लावतो! रेंजवर शेजारी झोपतो! आमच्या मुलीनं रायफलीच्या दस्त्यानं ओठ फोडला त्याचा! ऐकू आलं का?"

ऑफिसातला शिक्का थांबला. दारात प्रिन्सिपॉल उभे राहिले. फी भरायला आलेला एक पालक पैसे मोजायचा थांबून बघत राहिला.

"अगं बाई," पलीकडून वच्छलाचा आवाज आता स्पष्ट आला. "उद्यापासून रेंज आहे आमची."

"तू जा रेंजवर! तू स्वतः उभी राहा! मुलींना एकेकीला विचार, मी सांगते काय विचारायचं!"

मध्येच टेलिफोन एक्स्चेंजची बाई बोलली. वेळ संपली होती. तुटणार असं वाटत असताना ती म्हणाली, "बोला तुम्ही, मी वाढवून देते," आणि विजयमाला बोलली. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पिनांचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, अपघात या शब्दाचं सांगितलं. प्रिन्सिपॉलांनी दोनदा हाताने खूण केली. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

ऐकून झाल्यावर वच्छलाने विचारलं, "विजू, तुमच्याकडे यायच्या आधी हा कुठं होता?"

 हे विजयमालेला माहीत नव्हतं. तिथेही कॉलेज असणार. तिथेही कुणी बाई असणार, मेसच्या डाळीवर भांडणारी, आणि तिथूनही याला हार घालून पाठवला असणार.

तिने फोन खाली ठेवला.  हेडक्लार्क रजिस्टर पुढे ओढत म्हणाला, "झालं ना बाई? वैयक्तिक म्हणून लिहू?"

"वैयक्तिक नाही. कॉलेजच्या कामाचा म्हणून लिहा," ती म्हणाली. "आणि युनिटच्या त्या कारकुनाला थांबवा, गेला नसेल तर. मला अजून एक कॉल लावायचाय, कुठं लावायचा ते त्यालाच विचारते."